मांजराचा पंजा आणि ड्रेसिंगचा खर्च



ताळेबंदातील ड्रेसिंग-साहित्याची रक्कम पाहून काही देणगीदारांनी आम्हांस विचारले, चिरडलेला पाय काढून टाकला तरी मांजर तीन पायांवर चांगले जगते, मग एका पंज्यासाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. जमाखर्च सांभाळणाऱ्या आम्हांलाही तो पडतो.

मांजर टाच टेकवून चालत नाही, बोटांवर चालते. पुढच्या पंज्यास ५ व मागच्यास ४ बोटे असतात. भार मुख्यतः मधल्या दोन बोटांवर आणि त्यांच्यामागील मोठ्या मांसल गादीवर येतो. त्यामुळे कडेचे एखादे बोट काढले तरी चाल फारशी बिघडत नाही. गादी गेली, तर मात्र साधी त्वचा भार सोसत नाही; जखम पुनःपुन्हा उघडते. अशा वेळी एखाद्या बोटाचे हाड काढून त्याची गादी, रक्तपुरवठा शाबूत राखून, मोठ्या गादीच्या जागी बसविता येते.

वाहनाखाली फरफटलेल्या पंज्याची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. जखम धुणे, मृत भाग काढणे, पट्टी वारंवार बदलणे, आणि लालसर निरोगी मांस भरून आल्यावरच त्वचारोपण, असा हा क्रम असतो. मांजर पट्टी चाटते, कुरतडते; तिला गळपट्टा लावावा लागतो, कित्येकदा गुंगी द्यावी लागते. खर्च शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा या पिंजऱ्यातील आठवड्यांत होतो.

प्रत्येक पंजा वाचवावा, असा आमचा आग्रह नाही. रक्तप्रवाह व संवेदना गेल्या असतील, तर पाय काढणेच हिताचे. माणसाचा स्पर्शही न सोसणाऱ्या भटक्या मांजरास महिनाभर कोंडणे, ही तर दया म्हणता येणार नाही. वयस्क मांजराची बोटे सुजली असतील, तर आधी छातीचा एक्स-रे काढावा लागतो. फुफ्फुसातील कर्करोग कधीकधी प्रथम बोटांतच दिसतो, आणि तेव्हा बोट कापून काही साधत नाही.

पालकांना एक कळकळीची विनंती. दुखते म्हणून घरातील पॅरासिटामॉल मांजरास कदापि देऊ नका. एक गोळीदेखील तिचा जीव घेऊ शकते.

ज्या मांजराची गादी शाबूत आहे आणि ज्याला सांभाळणारे घर आहे, त्याचा पंजा राखण्यासाठी ड्रेसिंगची तरतूद पुढील अंदाजपत्रकातही कायम ठेवावी, अशी आम्ही सभेस विनंती करतो.