हॉटेलातल्या टेबलावरची वीस मिनिटे

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने मला विषय दिला आहे, 'लहान मुले आणि हॉटेलातले जेवण'. मी डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेला साधा माणूस. आहारतज्ज्ञ नाही. पण घरात दोन मुले आहेत, आणि रविवारी संध्याकाळी 'आज बाहेर जाऊ या' हे वाक्य आमच्याकडेही ऐकू येते. त्या भांडवलावर चार शब्द बोलतो.

मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा परमुलखात आले नव्हते, आपल्याच राजधानीत आले होते. तरी त्यांच्या सोवळ्याच्या घरांत इराण्याच्या हॉटेलातला चहा म्हणजे चोरून करायची गोष्ट! आज युनेस्कोने याच हैदराबादला 2019 साली खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला आहे, आणि आपली नातवंडे उस्मानिया बिस्किट दुधात बुडवून खात मोठी होत आहेत. काळ बदलला, चांगलेच झाले.

आता कामाच्या गोष्टी. इथल्या जेवणात तिखट फार. मिरपूड, हिरवी मिरची, आल्याची चटणी, वर गनपावडर. लहान मुलासाठी आधी साधी इडली किंवा दहीभात मागवावा आणि मग मोठ्यांनी मेन्यू चाळावा. भुकेले मूल रडते, आणि त्याचा राग आपण वेटरवर काढतो. गर्दी साडेआठनंतर वाढते, म्हणून सातलाच गेलेले बरे. मुलाला भिंतीकडच्या बाजूला बसवावे. उकळत्या सांबाराची बादली घेऊन वेटर धावत असतो, आणि मूल त्याच वाटेत उभे असते. भाजण्याचा धोका तिखटापेक्षा मोठा आहे.

चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. वाफाळते अन्न बरे. कापून ठेवलेले सॅलड, बर्फ आणि दिवसभर उघडी राहिलेली खोबऱ्याची चटणी टाळावी. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणा सरकारने ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस एक वर्षाची बंदी घातली होती, हे तुम्हाला आठवत असेल. मोठ्यांना जे पचते ते लहान पोटाला पचेलच असे नाही. हॉटेलात अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असतो, तोही एकदा पाहून घ्यावा. त्यात संकोच कसला?

पण मला खरे बोलायचे आहे ते ऑर्डर दिल्यानंतरच्या वीस मिनिटांबद्दल. जेवण यायला तेवढा वेळ लागतोच. या वेळात आपण काय करतो? मुलाच्या हातात मोबाईल देतो. मूल गप्प, आपण मोकळे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच म्हटले तरी चालेल, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासाभराहून जास्त नको. तो तास घरी टीव्हीसमोरच संपलेला असतो. आरोग्याचे बाजूला ठेवा. मला काळजी आहे ती भाषेची.

तेलंगणात 2018 च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीची झाली. आपली मुले वर्गात तेलुगू शिकतात, बाकीचे विषय इंग्रजीत, गल्लीत दखनी हिंदी बोलतात. या सगळ्या भाषा त्यांना यायलाच हव्यात, त्या आपल्या शहराच्या आहेत. मग मराठीसाठी काय उरले? सकाळची शाळेची घाई, संध्याकाळचा ट्रॅफिक, रात्रीची पेंग. घरातली सगळी माणसे समोरासमोर, कुठलेही काम हातात न घेता बसली आहेत असा प्रसंग आठवड्यात किती वेळा येतो? हॉटेलातले टेबल ही त्यातली एक जागा आहे. तिथली वीस मिनिटे मोबाईलला दिली तर मराठी आणखी वीस मिनिटांनी मागे जाते.

करायचे काय? सोपे आहे. आजी-आजोबांना सोबत न्यावे. मुलाला विचारावे, हा पेसरट्टू आपल्या कुठल्या पदार्थासारखा दिसतो? मुगाचे धिरडे! आजी लगेच सांगते तिच्या माहेरी धिरडे कसे करायचे. भेंड्या खेळाव्यात, कोडी घालावीत. अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक सांगतात की तिथल्या बऱ्याच हॉटेलांत मुलांना चित्र रंगवायला कागद आणि रंगखडू देतात. इथे देत नसतील तर पिशवीत आपणच न्यावेत. दोन रुपयांचा कागद, मोबाईलपेक्षा स्वस्त.

आणि मागण्याचे काम मुलाकडे द्यावे. पाच वर्षांच्या मुलाला वेटरशी बोलता येते. 'अन्ना, मंचि नीळ्ळु', म्हणजे पिण्याचे पाणी. 'कारम तक्कुव', म्हणजे तिखट कमी. शाळेत लिहिलेली तेलुगू इथे तोंडात बसते. टिचकी वाजवून बोलवायचे नाही, सांडले तर पुसायला हात लावायचा, जाताना धन्यवाद म्हणायचे. आपण त्या माणसाशी कसे बोलतो ते मूल पाहत असते, आणि शिष्टाचाराचा तास वेगळा लावावा लागत नाही.

मूल टेबलावर आपसांत मराठी बोलते आणि वेटरशी तेलुगू बोलते, याहून चांगला हैदराबादी मराठी माणूस कोणता? आपल्या वडीलधाऱ्यांनी हेच करून या शहरात घरे उभी केली.

माझी विनंती एवढीच. या गणेशोत्सवात आरती, कार्यक्रम आटोपून कुटुंबासह कुठे जेवायला गेलात, तर ऑर्डर देऊन होताच सगळ्यांचे मोबाईल आजीच्या पर्समध्ये टाका. मोठ्यांचेसुद्धा! पहिली पाच मिनिटे मुले कुरकुर करतील. नंतर बोलायला लागतील, आणि मराठीतच बोलतील.

 गणपती बाप्पा मोरया!