दूध निरसे की तापवलेले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण स्त्रीशिक्षणावर किंवा मुलांच्या संस्कारांवर करावे, असा रिवाज आहे. मी मात्र दुधाच्या पातेल्यावर बोलणार आहे. हसू नका. याच दुधाने आमच्या घराची चार महिने झोप उडवली होती.

आपल्यापैकी बहुतेकींकडे दूध तापवल्यावाचून कोणी पीत नाही. मग वाद कसला, असे तुम्ही म्हणाल. वाद आहे तो अपवादांचा. तालमीत जाणाऱ्या मुलाला धार काढल्याबरोबर पेलाभर धारोष्ण दूध द्यायचे. अशक्त लेकराला शेळीचे निरसे दूध पाजायचे. डेंग्यूची साथ आली की पेशी वाढतात म्हणून शेळीच्या दुधाला वाटेल तो भाव द्यायचा. त्याला वैद्यकीय आधार नाही, पण आपण ऐकतो का? त्यात आता शहराकडून नवेच टूम आले आहे, की तापवले की दुधाचे सत्त्व जाते, देशी गाईचे तर कच्चेच प्यावे.

आमच्या मामंजींचे मत याहून जुने होते. “गाय घरची, वैरण घरची, भांडे लखलखीत. मग भीती कशाची?” असे ते म्हणत. धाकटे भावजी व्यायाम करणारे. रोज पहाटे गोठ्यातून येणारा पेला त्यांच्या हाती मीच देत असे.

एका वर्षी आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली. वाईट वाटले, पण अशा गोष्टी होतात म्हणून आम्ही सोडून दिले. मी आणि जाऊबाईंनी उघड्या हातांनी सगळे आवरले. त्या गाईचे थोडे दूध निघू लागले, तेही पेल्यात गेले.

पुढे भावजींना ताप येऊ लागला. सकाळी माणूस ठीक, संध्याकाळी ताप. रात्री अंथरूण घामाने भिजे. कंबर आणि सांधे इतके दुखत, की जोर मारणारा माणूस खाटेवरून धरून उठवावा लागे. हिवताप झाला, विषमज्वर झाला, सगळ्यांची औषधे झाली. ताप आठ दिवस जाई आणि परत येई. शेवटी नांदेडला एका डॉक्टरांनी रक्त तपासायला दिले आणि तीन प्रश्न विचारले. घरी जनावरे आहेत का? एखादे गाभडले होते का? दूध कसे पिता? तिसऱ्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणी तोंड उघडेना. मी तर जमिनीकडेच पाहत होते.

या रोगाचे नाव ब्रुसेलोसिस. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज शिपाई या तापाने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने त्याचे जंतू शोधले. पण ते येतात कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडावे लागले. थेमिस्टोक्लिस झामित या तिथल्याच डॉक्टराने शेळ्यांचे रक्त तपासले, आणि शेळ्या तर दिसायला धडधाकट होत्या! १९०६ साली सैन्याला शेळीचे दूध बंद केले, आणि शिपायांमधला ताप झपाट्याने उतरला.

मामंजींच्या प्रश्नाचे उत्तर त्या शेळ्यांत आहे. कासेला लागलेले शेण धुता येते, जंतू दुधातूनच येत असतील तर काय धुणार? एकदा गाभडलेली गाय पुढे नीट वितेही, चांगली दिसते, आणि दुधातून रोग देत राहते. गाईला होणारा क्षयही दुधातून माणसाला होऊ शकतो.

आता सत्त्वाचे. तापवल्याने ‘क’ जीवनसत्त्व आणि ‘ब’ गटातली काही थोडी कमी होतात, हे खरे आहे. पण ‘क’ जीवनसत्त्वासाठी दूध कोण पितो? त्याला एक पेरू पुरे. प्रथिने आणि कॅल्शियम राहतात, आणि मुलांना दूध देतो ते त्यांच्यासाठीच. डेअरीत दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. तेवढ्याने हे जंतू मरतात. आपल्या चुलीवरचा ऊत त्याच्या बराच वर जातो. नुसती कड सुटली की उतरवू नका, ढवळत चांगला ऊत येऊ द्या. पिशवीचे दूध तापवलेलेच असते. पण आपल्याकडे उन्हाळा कडक आणि वीज लहरी, म्हणून मी तेही तापवते.

पंचामृताचे काय, असे मला पुष्कळजणी विचारतात. औंढ्याला नागनाथाच्या पिंडीवर अभिषेकाला दूध न्यावे, जरूर न्यावे. मात्र घरी जे पंचामृत लहानांच्या तळहातावर घालायचे, ते तापवून निवलेल्या दुधाचे करावे. माझ्या सासूबाईंनीच हे प्रथम केले, आणि देव रागावल्याचे काही दिसले नाही. खरवस वाफवून शिजतो, त्याची भीती नको.

एक गोष्ट मात्र दूध तापवूनही टळत नाही. गोठा झाडणारी, वार उचलणारी आपणच. हाताला चीर असली तर जंतू तिथूनही शिरतो. गाभडलेले जनावर आवरताना हातमोजे घाला, पडलेले सगळे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि गरोदर सुनेला तिकडे फिरकू देऊ नका. जाऊबाईंना आणि मला काही झाले नाही, ते केवळ नशीब.

भावजींना दोन औषधे सलग सहा आठवडे घ्यावी लागली. मधे बरे वाटले म्हणून सोडायची नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. सोडली की ताप परत येतो. आता ते शेतात जातात, जोर मात्र पूर्वीसारखे मारवत नाहीत.

गाईचे रक्त तपासले, त्यात रोग निघाला. एक व्यापारी चांगली किंमत द्यायला तयार होता, आणि आम्हाला औषधांसाठी पैसा हवाच होता. मामंजी रात्रभर ओसरीवर बसले. सकाळी म्हणाले, “हा ताप मी कोणाच्या गोठ्यात बांधू?” गाय विकली नाही. ती वेगळी बांधली आहे, तिचे दूध आम्ही घेत नाही आणि कोणाला देतही नाही. या रोगाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच टोचतात. २०१९ पासून सरकारची तशी देशभर योजनाही आहे. आमच्या दुसऱ्या गाईची कालवड सहा महिन्यांची झाली, तेव्हा मामंजी स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेले.