काखेत कळसा, चंद्राला वळसा



चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांना वाटेत उडत्या तबकड्या भेटल्या होत्या, असं छातीठोकपणे सांगणारा एखादा तरी माणूस आपल्या ओळखीत असतोच. त्याच्या शेजारी बसलेला लगेच म्हणतो, "छे, सगळ्या थापा!" आणि मग वाद रंगतो. मला वाटतं, हे दोघंही घाई करतात. अंतराळवीरांना काहीतरी दिसलं होतं, ही थाप नव्हे. त्यांनी स्वतःच ते सांगितलं आहे आणि ते नोंदवून ठेवलेलं आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जे दिसलं, ते त्यांच्यापासून किती लांब होतं?

अपोलो ११ पासून सुरुवात करू. यान १६ जुलै १९६९ रोजी निघालं. प्रवासाचा तिसरा दिवस संपत आला होता आणि पृथ्वी तीन लाख किलोमीटरहून अधिक मागे पडली होती. तेव्हा खिडकीबाहेर एक चमकती वस्तू दिसली. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स या तिघांनी ती पाहिली. आधी एका डोळ्याने पाहायची छोटी दुर्बीण लावली. मग यानातला सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्यांवरून दिशा पक्की करण्याचं उपकरण, तिच्यावर रोखलं. तर गंमत अशी, की फोकस एका जागी ठेवला की ती पोकळ नळकांड्यासारखी दिसे आणि जरा हलवला की उघडून ठेवलेल्या पुस्तकासारखी. वस्तू तीच, पण उपकरणाचा फोकस बदलला की तिचा आकारही बदलायचा. म्हणजे ती नजरेच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर होती. तिथे आकार कुठला आणि भास कुठला, हे सांगणं अवघडच.

आता या तिघांनी ह्यूस्टनला काय विचारलं ते ऐका. "आमच्याबरोबर कोण उडतंय?" असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, की आमच्या रॉकेटचा तिसरा टप्पा सध्या आमच्यापासून कुठे आहे? थोड्या वेळाने उत्तर आलं, सहा हजार सागरी मैलांवर. म्हणजे जवळपास अकरा हजार किलोमीटर. इतक्या लांबचा टप्पा असा दिसणार नाही. मग उरलं काय?

उरल्या चार फळ्या. चांद्रयान ज्या निमुळत्या कवचात ठेवून वर नेलं होतं, त्या कवचाच्या. चांद्रयान बाहेर काढताना त्या सुट्या होऊन चार दिशांना फेकल्या गेल्या. प्रत्येक फळी सहा मीटरहून लांब. अंतराळात हवा नाही, त्यामुळे सुटलेली वस्तू मागे पडत नाही. यानाच्याच वेगाने, जवळपास त्याच वाटेने ती जात राहते. हळूहळू गिरक्या घेते आणि ऊन पडलं की चमकते. दिसलं ते बहुधा यांपैकीच एक असावं, अशा निष्कर्षाला पुढे ऑल्ड्रिन स्वतः आले. चारांपैकी कोणती, ते मात्र सांगता येणार नाही.

तबकडीवाल्यांचा इथे एक मुद्दा असतो आणि तो बिनबुडाचा नाही. ते म्हणतात, या लोकांनी उघड्या रेडिओवर सरळ का नाही सांगितलं? आडून का विचारलं? खरं आहे, जपूनच विचारलं. सगळं जग कान लावून ऐकत होतं. "बाजूने काहीतरी येतंय," असं एक वाक्य गेलं असतं, तर पृथ्वीवर काय गदारोळ झाला असता, याची कल्पना आपणही करू शकतो. पण लपवायचंच असतं, तर परत आल्यावर दोन आठवड्यांच्या आत, विलगीकरणात असतानाच, त्यांनी आपल्या अभियंत्यांसमोर सगळं सविस्तर कशाला सांगितलं असतं? नळकांडं, पुस्तक, फोकस हे सगळे तपशील त्या ३१ जुलैच्या बैठकीतले आहेत. उलट, विवराच्या कडेला मोठमोठी यानं रांगेत उभी असल्याचं आर्मस्ट्राँग यांनी सांगितलं, अशी जी वाक्यं फिरवली जातात, ती त्या मोहिमेच्या संभाषणात कुठेही नाहीत.

दुसरा मुद्दा साक्षीदारांचा. अंतराळवीर म्हणजे निष्णात वैमानिक, त्यांची नजर कशी चुकेल? चुकते, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. आपण लांबचा डोंगर लांब आहे हे ओळखतो, कारण तो निळसर, धूसर दिसतो. मध्ये झाडं असतात, घरं असतात, आणि घर केवढं असतं ते आपल्याला ठाऊक असतं. चंद्रावर यातलं काहीच नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल चक्क पायी चालत कोन नावाच्या विवराची कड शोधत होते. धापा टाकत चढले, पण कड काही सापडेना. शेवटी वेळ संपत आली म्हणून परतले. पुढे फोटोंवरून हिशेब केला, तेव्हा कळलं की कड जेमतेम तीस मीटरांवर होती! पायाखाली जमीन असताना ही गत, तर काळ्याभोर पोकळीतल्या एका चकाकत्या वस्तूचं अंतर कसं सांगणार? आणि अंतर कळलं नाही की आकार कळत नाही, वेगही कळत नाही. जवळची छोटी वस्तू आणि लांबची प्रचंड वस्तू, दोन्ही सारख्याच दिसतात. तबकडीची निम्मी गोष्ट इथेच तयार होते.

अपोलो १६ चं पाहा. एप्रिल १९७२ मध्ये परतीच्या वाटेवर खिडकीतून चित्रीकरण झालं. त्यात चंद्राच्या जवळ एक बशी दिसते, वर घुमटासारखा उंचवटा. जेमतेम चार सेकंदांची ती फिल्म वर्षानुवर्षं पुरावा म्हणून दाखवली गेली. ह्यूस्टनच्या तज्ज्ञांनी पुढे तिची चौकट न् चौकट तपासली. निघालं काय, तर यानाच्याच बाहेरच्या बाजूला दांडीवर बसवलेला दिवा. मॅटिंगली यांना परतीच्या प्रवासात यानाबाहेर जाऊन फिल्मच्या पेट्या काढून आणायच्या होत्या. त्या कामात उजेड पडावा म्हणून तो लावलेला होता.

नुसत्या दिसण्याचंच असं नाही, ऐकण्याचंही तेच. मे १९६९ मध्ये अपोलो १० चंद्रामागे गेलं, पृथ्वीशी संपर्क तुटला आणि हेडफोनमधून शिट्टीसारखा विचित्र आवाज येऊ लागला. अंतराळातलं संगीत म्हणून आजही तो ऐकवला जातो. प्रत्यक्षात मुख्य यान आणि चांद्रयान यांचे रेडिओ एकाच वेळी चालू होते आणि एकमेकांत लुडबूड करत होते. आकाशवाणीच्या श्रोत्यांना खरखर काय असते, हे मी वेगळं सांगायला नको.

डोळे मिटल्यावरही दिसणाऱ्या प्रकाशाच्या ठिणग्या तर त्याहून जवळच्या. ऑल्ड्रिन यांनी त्या सांगितल्या, मग पुढच्या मोहिमांतल्या अनेकांनी. अपोलो १६ आणि १७ वर त्यासाठी खास शिरस्त्राण नेलं. त्यातल्या संवेदनशील पट्ट्यांवर कणांचे माग उमटत. उलगडा असा झाला, की विश्वकिरणांतले जड कण थेट डोळ्यांतून आरपार जातात आणि जाता जाता ठिणगी दाखवून जातात.

सुटलेली फळी, यानाचा दिवा, यानाचे रेडिओ आणि शेवटी स्वतःचाच डोळा! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, इथे वळसा थेट चंद्राला. म्हणूनच अपोलो ११ च्या तिघांचा तो प्रश्न मला मोलाचा वाटतो. अनोळखी काही दिसलं, तर आधी आपलं सामान कुठे आहे ते विचारावं.

आणि ही चौकशी किती लांब जाऊ शकते? ३ सप्टेंबर २००२ रोजी बिल युंग या हौशी खगोल निरीक्षकाला पृथ्वीभोवती फिरणारी एक नवी वस्तू दिसली. लघुग्रह असेल असं वाटलं. पण कक्षेचं गणित मागे मागे नेलं, तर ती १९७१ पूर्वी पृथ्वीजवळच होती असं निघालं. मग तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचं पृथक्करण झालं. त्यात सापडला पांढरा रंग, टायटॅनियम डायऑक्साइडचा, सॅटर्न रॉकेटला लावत तसाच. नोव्हेंबर १९६९ मध्ये निघालेल्या अपोलो १२ चा तिसरा टप्पा सूर्याभोवतीच्या कक्षेत जायचा तो नीट गेला नव्हता. तेहतीस वर्षांनी तोच पाहुणा म्हणून परत आला होता. इथे कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागलं नाही. कक्षा मोजता आली, प्रकाश मोजता आला आणि ओळख पटली.

म्हणून वाद जरूर घालावा, पण "अंतराळवीर खोटं बोलतील का?" या प्रश्नावर घालू नये. ते खोटं बोलले नाहीत. अंतर मोजलं होतं का, दुसऱ्या जागेवरून कुणी पाहिलं का, यानातून काय काय सुटलं होतं, हे विचारावं. नासाने नेमलेल्या डेव्हिड स्पर्गेल यांच्या समितीनेही २०२३ मध्ये हेच बजावलं, की अशा घटनांबद्दल आपल्याकडे चांगली मोजमापं फार कमी आहेत, आधी ती जमवा. एखादी गोष्ट तरीही उलगडली नाही, तर ती न उलगडलेली म्हणून नोंदवून ठेवावी. त्या रिकाम्या जागी परग्रहवासी बसवण्याची गरज नाही.

विश्वात आपल्याखेरीज कुणी आहे का, हा माणसाने विचारलेल्या सर्वांत मोठ्या प्रश्नांपैकी एक. इतक्या मोठ्या प्रश्नाला साक्षीदारही तोलामोलाचा हवा. कवचातून सुटलेली फळी तिथे उभी करून चालणार नाही.