सेवायोजन कार्यालय खेड्यात कधी पोचणार?



बेकारीची चर्चा आपल्याकडे आकड्यांपासून सुरू होते आणि बहुधा आकड्यांपाशीच संपते. परंतु ग्रामीण तरुणाची बेकारी अशी विलक्षण आहे, की ती आकड्यांत सहसा सापडतच नाही. चार एकर कोरडवाहू जमिनीच्या घरात तीन भाऊ पदवीधर झाले आणि तिघेही बापाबरोबर त्याच शेतात राबू लागले, तर पाहणीच्या दप्तरी ते तिघेही घरच्या उद्योगातील विनावेतन मदतनीस, म्हणजे रोजगारात असलेले ठरतात. त्यांतील दोघे उद्या निघून गेले तरी शेतीचे उत्पन्न पायलीभरही घटणार नाही. ह्यालाच अर्थशास्त्रात प्रच्छन्न बेकारी म्हणतात. शेतकऱ्याच्या सुनेची अवस्था तर त्याहून निराळी. ती बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली असली तरी 'घरकाम करते' एवढ्या नोंदीने श्रमिकांच्या गणनेतूनच वगळली जाते. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली बजावले होते, की आपल्यासारख्या अर्थव्यवस्थेत बेकारांची एकच एक संख्या काढण्यात फारसा अर्थ नाही. त्या इशाऱ्याला अर्धशतक उलटून गेले. एकच एक टक्केवारी जाहीर करण्याची आणि ती घटली म्हणून पाठ थोपटून घेण्याची हौस मात्र कमी झालेली नाही.

तथापि आजचा विषय बेकारीचे मोजमाप हा नाही. बेकाराला कामापर्यंत नेण्यासाठी शासनाने जी यंत्रणा उभी केली, ती ह्या तरुणाच्या उपयोगी किती पडते, हा आहे. त्यासाठी ह्या यंत्रणेचा जन्म कोणासाठी झाला हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४५ साली, सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी ही कार्यालये निघाली. फाळणीनंतर निर्वासितांची सोय लावण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. म्हणजे जो शहरात येऊन उभा राहू शकतो, ज्याच्या हातात कागद आहे आणि जो नोकरी ह्या शब्दाचा अर्थ महिन्याचा पगार असा घेतो, अशा माणसासाठी ही व्यवस्था घडली. तिच्या पहिल्या आराखड्यात खेडे नव्हतेच.

पुढे ते यायला हवे होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सेवायोजनविषयक ८८ क्रमांकाचा करार १९४८ चा आहे आणि भारताने त्याला १९५९ मध्ये मान्यता दिली. देशाच्या प्रत्येक भागाला पुरतील इतकी आणि कामगाराला सोयीच्या जागी असतील अशी कार्यालये असावीत, तरुणांसाठी खास व्यवस्था असावी, असे हा करार सांगतो. त्याच वर्षी आपल्या संसदेने रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला सक्तीने कळविण्याचा कायदा केला. तो वाचताना 'सक्ती' ह्या शब्दाचे हसू आल्याशिवाय राहत नाही. सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस वा अधिक माणसे कामाला असलेल्या खाजगी आस्थापनांनी जागा कळवायच्या होत्या. परंतु कळविल्या म्हणून तेथूनच माणूस घ्यावा असे बंधन नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलेले होते. न कळविल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर पाचशे रुपये. खाजगी क्षेत्रातील शेतीकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम, घरगुती चाकरी आणि कचेरीतील अकुशल काम ही तर कायद्यातून वगळलेलीच होती. खेड्यात जे काम मिळते ते बहुतांशी शेतीचे, नाहीतर हंगामी. म्हणजे ज्या कामावर गाव जगते त्याची माहिती गोळा करण्याची गरजच कायद्याला वाटली नाही.

तरीही खेड्यांतील मुलांनी नावे नोंदविली. एस. टी. ने जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, दिवस मोडायचा, रांगेत उभे राहायचे, कार्ड घ्यायचे आणि ठरावीक मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे, हा दोन-तीन पिढ्यांचा परिपाठ झाला. कार्डाचे नूतनीकरण चुकले तर ज्येष्ठता जाते, ह्या धास्तीने आईबापांनी ती कार्डे सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली. २००० च्या सुमारास देशभरातील सेवायोजन कार्यालयांच्या चालू नोंदवहीत चार कोटींहून अधिक नावे होती आणि ह्या कार्यालयांमार्फत वर्षाला लागणाऱ्या नोकऱ्या दोन लाखांच्या आसपास होत्या. ह्या प्रमाणाला सेवा म्हणावे, की सोडत?

ह्यात न्यायालयीन निर्णयांचाही भाग आहे. सरकारी खात्यांनी प्रथम सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवावीत ही प्रथा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये उचलून धरली होती. परंतु १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की केवळ त्या नावांवर न थांबता वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार करावा. समान संधीच्या दृष्टीने हा निर्णय अयोग्य म्हणता येणार नाही. मात्र त्याने कार्डाचे उरलेसुरले मोल संपले आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. आले ते स्पर्धा परीक्षांचे खाजगी वर्ग. जिल्ह्याच्या कार्यालयात जाणारा मुलगा पुण्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसला आणि त्याच्या प्रतीक्षेचा खर्च शासनाऐवजी बापाच्या जमिनीवर पडू लागला.

त्यानंतर नावे बदलली. सेवायोजन कार्यालयाचे 'रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र' झाले, मग त्यात 'कौशल्य विकास' आणि 'उद्योजकता' हे शब्द शिरले. केंद्र शासनाने २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा सुरू केली, राज्यात 'महास्वयं' आले आणि नोंदणी घरबसल्या होऊ लागली. रांग संपली ही सोय खरीच, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु रांगेच्या शेवटी निदान एक कारकून तरी बसलेला असे. पाटीवर स्वयंरोजगार हा शब्द आला, त्यातही एक अर्थ दडलेला आहे. काम शोधून देण्याची जबाबदारी हळूच बेकाराच्याच अंगावर सरकविण्यात आली.

आता खेड्यापर्यंत खरोखर पोचणारी सेवायोजन यंत्रणा कोणती, हे पाहू. बीड जिल्ह्यात किंवा पाथर्डीच्या पट्ट्यात विचारले, तर एकच उत्तर मिळेल: मुकादम. ऐन पावसाळ्यात, घरात दाणा नसतो आणि बियाणे-खतासाठी पैसा हवा असतो, तेव्हा तो दारी येतो. कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोणावर सावकाराचे किती कर्ज आहे, कोणाचा मुलगा आता कोयता धरण्याजोगा झाला आहे, हे त्याला तोंडपाठ असते. तो उचल देतो, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतो आणि दिवाळीच्या सुमारास गाडी भरून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात नेतो. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याचाच. कारखान्याच्या हजेरीपटावर ह्या माणसाचे नाव नसते. सेवेच्या दृष्टीने पाहिले तर मुकादमाकडे ते सारे आहे जे शासकीय कार्यालयाकडे नाही: गावाची माहिती, वेळेवर पोचणे, प्रवासाची सोय, हातात आगाऊ पैसा. फक्त ह्या सेवेची फी माणसाला आपल्या स्वातंत्र्यातून भरावी लागते. शासन जेथे जात नाही तेथे पोकळी राहत नाही, तेथे मुकादम जातो.

खेड्यात पोचणे शासनाला जमतच नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला ह्याच महाराष्ट्राचा दाखला द्यावा लागेल. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी आपल्या भागात केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. ह्या कायद्याचे मर्म मजुरीच्या दरात नव्हते. मागणी गावातच नोंदवायची, तिची पोच घ्यायची, पंधरा दिवसांत काम नाही दिले तर शासनाने भत्ता द्यायचा, ह्यात होते. भत्ता होता दिवसाला किमान एक रुपया, आणि तोही व्यवहारात क्वचितच दिला गेला. तरी त्या पोचीमुळे अंगठेबहाद्दर मजूर बाई तहसीलदारासमोर जाऊन 'माझे पंधरा दिवस झाले' असे म्हणू शकत होती. तिच्या पदवीधर मुलाला, हातात सेवायोजन कार्यालयाचे कार्ड असूनही, कोणासमोर जाऊन काहीच म्हणता येत नव्हते. आईच्या कागदाला मुदत होती, मुलाच्या कागदाला नव्हती. हमीत अंगमेहनतीचेच काम असल्याने शिकलेल्या मुलाने खडी फोडावी, एवढेच ती त्याला सांगू शकत होती.

२०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास दरमहा ६ हजार, आय. टी. आय. वा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. ती पुढे पाच महिन्यांनी वाढली. ग्रामपंचायती, शाळा, सरकारी कचेऱ्या येथे मुले-मुली कामाला लागली आणि प्रथमच गावात राहून पगारासारखे काही हाती पडले. हे थोडे नव्हे. परंतु पुढे काय, ह्याचे उत्तर योजनेत नव्हते. मुदत संपताच ह्याच तरुणांना कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने करावी लागली. सरकारी कचेरीत मनुष्यबळ कमी आहे म्हणूनच ही मुले तेथे खपली, हे उघड आहे. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, त्या जागांचे काम प्रशिक्षणार्थ्यांकडून करून घ्यायचे आणि त्याला कौशल्य म्हणायचे, ही कोणत्या प्रकारची सेवा? त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. तेथेही खरा प्रश्न हाच राहतो, की शिकवलेल्या कामाची मागणी त्या तालुक्यात आहे काय, हे आधी कोणी विचारले होते का?

एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. नोकऱ्याच नाहीत, तर कार्यालय काय करणार? हे खरे, की सेवायोजन कार्यालय नोकऱ्या निर्माण करू शकत नाही. ते काम गुंतवणुकीचे, शेतीमालाच्या भावाचे, पाण्याच्या वाटपाचे आहे. पण जे काम आहे ते कोणाच्या हाती पडते हे माहितीवर ठरते, आणि खेड्यात माहिती ही जातीच्या, नात्याच्या आणि पक्षाच्या ओळखीतून वाहते. साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी, बाजार समिती, शिक्षणसंस्था येथे भरती झाल्याचे गावाला बहुधा ती उरकल्यावरच कळते. ज्याचा मामा संचालक आहे त्याला सेवायोजन कार्यालयाची गरज नसते. गरज असते ती भूमिहीनाच्या मुलाला. सार्वजनिक सेवा दुबळी राहणे हे म्हणूनच कोणाच्या तरी सोयीचे आहे.

तेव्हा मागणी पोर्टलच्या पुढे जाऊन करावी लागेल. सेवायोजनाचे कार्यालय तालुक्यात असावे आणि त्याच्या माणसाने आठवडी बाजाराच्या दिवशी मोठ्या गावांत बसावे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेची रिक्त जागा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी आणि लागली नाही तर झालेली भरती रद्द ठरावी. हंगामी व शेतीचे काम नोंदीबाहेर ठेवू नये. ऊसतोडीचा करार मुकादमाच्या वहीत न होता ह्या कार्यालयात व्हावा आणि प्रवासखर्च व आगाऊ रक्कम तेथूनच मिळावी. नोंदणी करणाऱ्या तरुणाला पोच मिळावी, ठरावीक दिवसांत प्रशिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा काम ह्यांपैकी काहीतरी देऊ करण्याचे बंधन शासनावर असावे आणि ते न पाळल्यास भत्ता द्यावा. मुलींसाठी ही सोय चालत जाण्याच्या अंतरावर असावी. तालुक्याला जायचे म्हटले की त्यांची परवानगीच संपते.

पैसा कोठून आणायचा, हे अर्थखात्याचे ठरलेले उत्तर आहे. रोजगार हमीसाठी ह्या राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला होता. शहरातील पगारदाराने खेड्यातील बेकारासाठी काही द्यावे, असा त्यामागचा विचार होता. तो कर वर्षाला अडीच हजार रुपयांपर्यंत आजही पगारातून कापला जातो.