पदवीचा ताळेबंद आणि पुढील वाट

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, अभियांत्रिकी पदवीधरांच्या परिसंवादाचा समारोप करताना केलेले भाषण)



आजच्या परिसंवादात आपल्या नवपदवीधरांनी चार वर्षांच्या शिक्षणाचा हिशेब मोकळ्या मनाने मांडला. त्याचा समारोप करण्याचे काम मंडळाने मजकडे सोपविले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा यंत्रशास्त्राच्या बारकाव्यांत शिरण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळे शिकविले किती आणि अंगी मुरले किती, हे पारखण्याची थोडी सवय आहे. तेवढ्याच आधारावर चार शब्द बोलतो.

प्रथम आपण जे ऐकले त्याचा सारांश सांगतो. खर्चाच्या बाजूस मुलांनी असे लिहिले: प्रयोगवह्या मागच्या वर्षीच्या वह्यांवरून उतरविल्या जातात. यंत्रशाळेत एका लेथभोवती वीस जण उभे राहतात आणि हात दोघांचाच लागतो. अखेरच्या वर्षाचा प्रकल्प काही जण बाजारातून तयार आणतात. स्थापत्य शिकलेला असो वा यंत्रशाखेचा, नोकरीच्या मुलाखतीत दोघांनाही प्रश्न एकच, की संगणकाची कोणती भाषा येते? जमेच्या बाजूस वसतिगृहातील सोबत, एखाद्या अध्यापकाने जीव ओतून शिकविलेला विषय आणि विद्यार्थ्यांनी स्वतः बांधून स्पर्धेत उतरविलेली गाडी. आपल्या एका मुलीने सांगितले की, ती गाडी तीन वेळा मोडली आणि त्या तीन वेळांत जे शिकता आले ते आठ सत्रांत शिकता आले नाही. सबंध परिसंवादात मला हेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटले.

ही उणीव आजची नाही. रुरकी येथे १८४७ मध्ये आणि पुण्यास १८५४ मध्ये हे शिक्षण सुरू झाले, ते सरकारच्या सार्वजनिक बांधकामांसाठी माणसे तयार करण्याच्या हेतूने. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था निघाली ती उद्योगधंद्यांसाठी. तथापि शंभर वर्षे हे दार फारच अरुंद राहिले. १९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली, तेव्हा ते रुंद झाले. आज या व्यासपीठावर बसलेल्यांपैकी पुष्कळ मुले त्या रुंद दारातूनच आत गेली, हे आपण विसरता कामा नये. मात्र इमारत उभारण्यास जेवढा काळ लागतो, त्याहून कितीतरी अधिक काळ चांगला अध्यापक घडविण्यास आणि यंत्रशाळा जिवंत ठेवण्यास लागतो. मुलांची तक्रार या तफावतीविषयीच आहे.

आता आपल्या घरच्या विद्येकडे वळतो. आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा लाकडाचा आणि लोखंडाचा. बैलगाडीचे चाक करताना तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळविल्यावर वरून लोखंडी धाव चढवावी लागे. ही धाव चाकाच्या घेराहून मुद्दाम किंचित आखूड ठेवीत. गोवऱ्यांच्या आगटीत ती लाल करून चाकावर बसवीत आणि लगोलग पाणी ओतीत. धाव आवळली की सारे सांधे घट्ट होत. ती किती आखूड ठेवावी हे आपले आजोबा नजरेने ठरवीत. तुम्ही हे गणिताने सांगू शकता. पोलाद दर अंश उष्णतेस आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके वाढते. म्हणजे ४ मीटर घेराची धाव ५०० अंशांनी तापविली, तर ती सुमारे २४ मिलिमीटर वाढेल. आखूडपणा त्याहून अधिक झाला तर धाव चढणार नाही, आणि फारच कमी ठेवला तर चाक वर्षभरात खिळखिळे होईल.

आपल्या वाडवडिलांना ‘कसे’ येत होते, परंतु ‘का’ कोणी लिहून ठेवले नाही. त्यामुळे गावोगाव रबरी टायरांच्या गाड्या आल्या, तेव्हा ती विद्या चाकाबरोबरच अडगळीत गेली. आगगाडीच्या चाकावर पोलादी धाव याच तत्त्वाने चढवितात, मोठ्या यंत्रांची जोडकामेही याच तत्त्वावर होतात. पण आपल्या माणसाला ती दिशा दिसली नाही. उलट तुम्हांला ‘का’ शिकविले गेले, पण ‘कसे’ कागदावरच राहिले. कारण न जाणणारे कौशल्य वस्तूबरोबर मरते आणि हाताला न उतरलेले ज्ञान परीक्षेबरोबर विरते. ही दोन्ही नुकसाने आपल्या एकाच समाजाने तीन पिढ्यांत सोसली आहेत. म्हणून पदवीचे मूल्यमापन गुणपत्रिकेवरून न करता प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. मी काय समजावून सांगू शकतो? मी काय करून दाखवू शकतो? आणि कशाच्या खाली मी निर्धास्तपणे सही करू शकतो?

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, खालचे खडकवासला धरणही त्या लोंढ्यात गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. धरणाचे काम पुरे झालेले नसताना पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठले होते. कोणा व्यक्तीस दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. ‘हे काम अजून तयार नाही’ असे वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगणे हा अभियंत्याच्या धर्माचा भाग आहे, आणि ज्याने प्रयोगवही उतरवून काढली त्याला ते सांगण्याचे बळ कोठून येणार? नकललेल्या आकड्याची सवय पुढे पुलाच्या तपासणीतही सुटत नाही.

भावी बेतांविषयी थोडेसे. कोणी संगणकाच्या कंपनीत जाणार आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही, मात्र आपली शाखा तिथे उपयोगी पडेल असे काम शोधावे. कोणाला उच्च शिक्षण घ्यावयाचे आहे. गेट परीक्षेचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात, तेव्हा एखादे वर्ष कारखान्यात काढूनही तो मार्ग खुला राहतो. ज्यांना हात कच्चा वाटतो त्यांनी उमेदवारीस लाजू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधरांचाही समावेश झाला आहे. उमेदवारीचे विद्यावेतन थोडे असते. पण आपल्या पूर्वजांनी भात्याजवळ जी वर्षे काढली, त्यांचेच हे आधुनिक रूप होय.

ज्यांच्या मनात स्वतःचा कारखाना आहे, त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र अभ्यासावे. त्यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती; जे. जे. कलाशाळेत यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या तंत्रसंस्थेत शिकवीत. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीमुळे ते नांगर प्रारंभी खपेनात. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांना ‘का’ आणि ‘कसे’ दोन्ही ठाऊक होते.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांस. पदवीधर घरी आला की आपला पहिला प्रश्न ‘पॅकेज किती?’ असा असतो. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या बापास पगाराची काळजी असणारच, ती मी जाणतो. परंतु हाच एक प्रश्न विचारत राहिलो, तर मुलगा काम निवडणार नाही, आकडा निवडील. आणि मुलींच्या बाबतीत तर तोही प्रश्न न विचारता आपण थेट स्थळे पाहू लागतो! ए. ललिता या अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी तान्ही मुलगी होती. वडिलांनी त्यांना १९४० मध्ये मद्रासच्या गिंडी महाविद्यालयात विद्युत शाखेत घातले. आपल्या देशातील पहिल्या महिला अभियंत्यांत त्यांची गणना होते, आणि भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत आराखड्यांत त्यांचा वाटा होता. एका बापाच्या निश्चयाने काय घडते, ते यावरून दिसेल.

शेवटी मंडळास एक सूचना. आपण दरवर्षी गुणवंतांस पेला आणि शाल देतो. त्याजोडीने आपल्या ज्ञातिबांधवांच्या फॅब्रिकेशनच्या, फर्निचरच्या व यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यांची एक यादी मंडळाने करावी आणि प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्यास दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एक महिना तेथे बसवावे. कारागिराने त्याला हत्यार धरावयास शिकवावे आणि त्याने कारागिरास नकाशा वाचावयास शिकवावे. यास पैसा फारसा लागत नाही. दोघांनीही थोडा अभिमान बाजूस ठेवला की पुरे. कार्यकारिणीने येत्या बैठकीत याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

 आमच्या या मुलामुलींच्या हातून टिकाऊ आणि प्रामाणिक कामे घडोत, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.