जटायूला मान, संपातीला स्थान



रामायणात दोन गृध्रबंधू आहेत. सीतामातेच्या रक्षणार्थ रावणाशी झुंजताना जटायू धारातीर्थी पडला. प्रभू रामचंद्रांनी पुत्राच्या भावनेने त्याचे अंत्यसंस्कार केले. थोरला संपाती मात्र जिवंत राहिला. धाकट्या भावाला सूर्याच्या दाहापासून वाचवताना त्याचे पंख जळाले आणि तो पर्वतावर पडून राहिला. पुढे हताश झालेल्या वानरांना सीता लंकेत असल्याचे सांगितले, ते याच पंगू संपातीने. त्याचे पंख गेले होते. दृष्टी गेली नव्हती. महामारीतून बाहेर पडलेल्या समाजाने या दोन्ही भावांची कथा एकत्र वाचली पाहिजे.

रावेर तालुका मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे. मे 2020 मध्ये एस.टी.च्या गाड्या पायी निघालेल्या श्रमिकांना राज्याच्या सीमांपर्यंत पोहोचवीत होत्या. त्याच वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा स्वयंसेविका घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजत होत्या. परिचारिका, पोलीस, सफाई कामगार, ग्रामसेवक, चालक-वाहक यांच्यापैकी कोणालाही दार लावून घरी बसण्याची मुभा नव्हती.

यांतील जटायूंचा मान शासनाने राखला. केंद्राने मार्च 2020 मध्ये आरोग्यकर्मींसाठी, आशांसह, 50 लाख रुपयांचे विमासंरक्षण घोषित केले. राज्याच्या 29 मे 2020 च्या शासन निर्णयाने कोविड कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला तेवढेच सानुग्रह सहाय्य देऊ केले. दोन्ही निर्णय स्तुत्यच. परंतु दोहोंचा आधार मृत्यू हा आहे. फुप्फुसे कायमची निकामी झालेला, म्युकरमायकोसिसमध्ये डोळा गमावलेला कर्मचारी जगला, आणि जगला म्हणूनच त्या रकमेच्या कक्षेबाहेर राहिला.

मग त्याला संरक्षण कोणते? कायदा आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 (4) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला काढून टाकता येत नाही, त्याची पदावनतीही करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावयाचे. तसे पद नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावयाचे. 1995 च्या जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती. रुग्णता निवृत्तिवेतन मिळते एवढ्यावरून हे संरक्षण नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये कुणाल सिंह प्रकरणात सांगितले. 2008 च्या भगवान दास प्रकरणात तर अंध झालेल्या कर्मचाऱ्याने स्वतःच निवृत्ती मागितली होती. त्याला त्याचा हक्क समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने बजावले. ज्याला कोणतेच काम झेपत नाही, अशा नव्या पेन्शन योजनेतील राज्य कर्मचाऱ्यासाठी 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने रुग्णता निवृत्तिवेतनाचे दार उघडले आहे.

तरीही दोन भगदाडे उरतातच. पहिले व्याख्येचे. 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत फुप्फुसाचा जुनाट आजार नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा निर्दोष असला, तर अपंगत्व 30 टक्के मोजले जाते. बहुतेक सवलतींची अट मात्र 40 टक्क्यांची आहे. सूचीत नवे प्रकार घालण्याचा अधिकार केंद्राला आहे. तो वापरला जावा. दुसरे भगदाड सेवेच्या स्वरूपाचे. आशा ही ‘स्वयंसेविका’, अंगणवाडी सेविका ‘मानधनी’. निवृत्तिवेतनाचे नियम त्यांच्या उंबरठ्याबाहेर थांबतात. अंगणवाडी सेविकांचा उपदानाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केला. राज्याने 2024 मध्ये आशांना अपघाती मृत्यूसाठी 10 लाख आणि कायमच्या अपंगत्वासाठी 5 लाख रुपये देण्याचे ठरविले. पण साथीचा रोग हा अपघात नव्हे. पुढच्या साथीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. पंडित दीनदयाळजींनी मांडलेल्या अंत्योदयाची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

शासनाकडे मागणी करीत असताना समाजाने हात बांधून बसू नये. महामारीत कार्यकर्त्यांनी शिधा पोहोचविला, रुग्णांची सोय पाहिली, अंत्यसंस्कारही केले. आता त्याहून कमी दिसणारे, पण चिकाटीचे काम आहे. प्रत्येक गावात असा कर्मचारी कोण, याची नोंद व्हावी. त्याला वैद्यकीय मंडळापुढे नेऊन प्रमाणपत्र मिळवून द्यावे. निवृत्तीच्या अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्याला कलम 20 (4) वाचून दाखवावे. कार्यालयाने दाद न दिल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करण्यास सोबत जावे. निवृत्त कारकून, वकील, शिक्षक यांच्यासाठी याहून चांगली सेवा कोणती?

वानरांनी संपातीची कहाणी थांबून ऐकली, म्हणून सीतेचा शोध लागला. आजचे संपातीही घराघरांत बसून आहेत. त्यांच्यापाशी जाऊन बसणे आणि त्यांना त्यांच्या जागी सन्मानाने परत नेणे, हे समाजाचे ऋणमोचन आहे.