रंगाच्या आधीचं काम

आमच्या घरी वडिलांची बजाज चेतक आहे, १९८६ सालची. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. अण्णांचा नंबर लागला तेव्हा मी कॉलेजात होतो. गाडी दारात आली, आईने हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी पाय ठेवायच्या जागेवर घालायला एक जाड रबरी मॅट आणली. का, तर पत्रा खराब होऊ नये. या मॅटकडे आपण परत येणार आहोत.

आम्ही रत्नागिरीत राहतो. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. खिडकीचे गज, फाटकाची कडी, सायकलची चेन, जे जे म्हणून लोखंडाचं ते खारा वारा खातोच. स्कूटर तरी कशी सुटणार?

खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासायला न्यावी लागते. २०१६ साली अशी वेळ आली. अण्णा तोवर गेले होते. गाडीवर ठिकठिकाणी तांबूस डाग पडले होते. मी घाईघाईने ती एका रंगाऱ्याकडे टाकली. ‘चार दिवसांत द्या,’ म्हटलं. त्याने चार दिवसांत दिली. अशी झळझळीत, की शेजाऱ्यांनी विचारलं, नवीन घेतली का? तपासणी पार पडली. मी खूश.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर रंगाला फुगे आले. नखाने टोकरलं की पोपडा निघायचा आणि खाली लाल भुगा. मला वाटलं, रंगच हलका असणार. बाजारातून छोटा डबा आणला आणि फुग्यांवरून ब्रश फिरवला. हा शहाणपणा माझा स्वतःचा, त्यात रंगाऱ्याचा दोष नाही.

२०१८ चा जुलै. मागे सौ. बसलेली, पाऊस रिपरिप पडतोय आणि आम्ही उतारावरून खाली येतोय. चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी, पाय ठेवायच्या पत्र्यावरच बसवलेला असतो. समोर म्हैस आली म्हणून मी ब्रेक दाबला. तर ब्रेकच्या पायट्याबरोबर खालचा पत्राही दबला! पायटा खाली गेला, चाकाला काही कळलंच नाही. गियर उतरवला, पुढचा ब्रेक जपून धरला आणि गाडी एका चिऱ्याच्या गडग्याला घासून थांबली. कोपर सोलवटण्यावर भागलं. सौ. एवढंच म्हणाली, ‘अहो, रंग एवढा चांगला दिसतोय आणि हे काय?’

हाच प्रश्न घेऊन मी एका वयस्क पत्रेवाल्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी रंगाबद्दल बोलू लागलो तर म्हणाले, ‘सर, रंगाचं नंतर. आधी पत्रा काय म्हणतो ते ऐकू.’ त्यांनी लहान हातोडी घेतली आणि टकटक करत गाडीभर फिरले. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. मग अण्णांची मॅट उचलली. खाली पाणी, माती आणि मीठ यांचा चिखल. मॅटने पाऊस अडवला नव्हता, पत्र्याला चिकटवून ठेवला होता. चाचांनी पेचकस टेकवला, तो आरपार गेला. ब्रेकजवळ तर पत्रा उरलाच नव्हता. तारेची जाळी, तिच्यावर लांबी आणि तिच्यावर तो झळझळीत रंग.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मोटारसायकलला सांगाडा वेगळा असतो. जुन्या चेतकला तसा नाही. दाबून आकार दिलेला पत्रा हीच तिची काया आणि तोच तिचा कणा. तुमचं, मागच्या माणसाचं, इंजिनाचं वजन तोच पेलतो. तिथला गंज लांबीने झाकणं म्हणजे घराच्या मोडक्या वाशाला गिलावा करणं.

गंज म्हणजे तरी काय? लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी यांचा संयोग. मीठ असलं की हे काम झपाट्याने होतं, कारण मीठ ओल धरून ठेवतं आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. गंजणं ही विजेच्या सूक्ष्म प्रवाहाचीच क्रिया आहे. अॅल्युमिनियमवरही असा थर चढतो, पण तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो ओल आत सोडत राहतो. शिवाय ज्या लोखंडापासून तो झाला त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून रंग आतून उचलला जातो, फुगा येतो. मी त्या फुग्यांवर रंग लावत होतो!

चाचा म्हणाले, ‘पाऊस सरू दे. ओल्या हवेत उघडा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत परत लाल होतो.’ २०१९ च्या जानेवारीत काम सुरू झालं. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसायचो. काय पाहिलं ते क्रमाने सांगतो.

आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी उतरवून लांब ठेवली. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ या दोन वस्तू नकोतच. मग सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि तेवढ्याच जाडीच्या नव्या पत्र्याचं ठिगळ जोडलं. भोकाला उपाय पत्र्याचाच.

नंतर गोड्या पाण्याने धुणं. मीठ खड्ड्यांत लपून बसतं, ते नुसतं घासून जात नाही. वाळवून थिनरच्या फडक्याने तेलकटपणा काढला. घासण्याच्या आधी, नाहीतर तेच तेल आपण पत्र्यात घोळवतो. मग वायर ब्रश आणि पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग २२०. जिथे जुना रंग संपतो तिथली कड अशी घासायची, की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. नाकाला फडकं, डोळ्यांना चष्मा हवाच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ वाईट.

बारीक खड्ड्यांत गंज राहतोच. त्यासाठी बाजारात गंजावर लावायचं द्रव मिळतं. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, नाहीतर टॅनिक. टॅनिक म्हणजे आपल्या हिरड्यातला तुरट भाग. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत, तसाच इथे लाल गंज काळा पडतो आणि स्थिर होतो. मात्र सुटलेल्या पापुद्र्यांवर हे द्रव ओतून उपयोग नाही. आधी घासणं, मग द्रव, तेही डब्यावर लिहिलंय तसंच.

त्याच दिवशी प्राइमर. दोन पातळ हात, सांधे आणि कडा ब्रशने वेगळ्या भरून. गंमत पाहा, तांबड्या प्राइमरला आपण रेड ऑक्साइड म्हणतो. त्यातला लाल रंग म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गेरूचा आणि गंजाचा भाऊबंद. पण साधा प्राइमर पाणी पूर्ण अडवत नाही. ‘सध्या प्राइमर मारून ठेवू, रंग दिवाळीत,’ असं करून पावसाळा काढू नये. लांबीही पाणी शोषते. ती उथळ पोचा भरण्यापुरती, पातळ आणि वरून प्राइमरने बंद केलेली.

शेवटी रंग. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ बरे, मध्ये वाळायला पुरता वेळ देऊन. आतल्या पोकळ जागांत मेणासारखा गंजरोधक फवारला. पाणी निघून जाण्याची खालची भोकं चाचांनी काडीने तपासली, कारण रंगाने तीच बुजतात.

सगळं मिळून तीन आठवडे गेले. त्यातला रंग मारण्याचा वेळ दोन दिवसांचा. मी म्हटलं, ‘चाचा, खालून एवढं कोण बघणार?’ ते म्हणाले, ‘पाणी बघतं ना.’

२०२१ मध्ये गाडीची पुन्हा तपासणी झाली. आदल्या दिवशी मी ती फक्त धुतली होती. अण्णांची मॅट अजून आहे, पण आता ती पावसाळ्यात खुंटीवर असते. दर रविवारी मी पत्रा पुसतो आणि हातोडीच्या दांड्याने ब्रेकजवळ टकटक करतो. सौ. आतून विचारते, ‘काय म्हणतो पत्रा?’

तुमच्याकडे जुनी स्कूटर असेल, जीप असेल, टेम्पो असेल, तर रंगाचं दुकान गाठण्याआधी एक करा. मॅट उचला, खाली बोट फिरवा आणि जिथे पत्रा बद्द वाजेल तिथे खुणेला खडू ओढा. काम तिथून सुरू होतं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)